तज्ज्ञ दूर असतील तिथे मुलांसाठी मानसिक आरोग्य सेवा कशी उभारावी

मानसोपचारतज्ज्ञ गाठायला जिथे दिवसभराचा प्रवास करावा लागतो आणि मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ अख्ख्या प्रांतात एखाददुसरेच असतात, तिथे काम सुरू करू पाहणारे आरोग्य केंद्रातील डॉक्टर, मुख्याध्यापक आणि छोट्या संस्थांचे समन्वयक यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या आढाव्यानुसार कमी उत्पन्नाच्या देशांत एक लाख लोकसंख्येमागे मानसिक आरोग्याचे काम करणारे दोनपेक्षाही कमी कर्मचारी होते, तर श्रीमंत देशांत हाच आकडा साठच्या वर होता. त्याच संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ या वयोगटात दर सात जणांमागे एकाला मानसिक विकार असतो, आणि जगातील बहुतेक मुले कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांतच वाढत आहेत. तज्ज्ञ येतील तेव्हा पाहू, असे म्हणत राहिल्यास आज चौदा वर्षांचे असलेले मूल मदतीविनाच मोठे होईल.

अशा ठिकाणी तीन गोष्टी असल्या तर काम उभे राहते: मोजक्याच उपचारपद्धती, त्या नीट शिकलेली स्थानिक व्यक्ती आणि त्या व्यक्तीच्या कामावर दर आठवड्याला होणारी देखरेख. पहिल्या दोन गोष्टींवर सगळेच खर्च करतात. तिसरी मात्र अंदाजपत्रकातून सर्वांत आधी वगळली जाते, आणि बहुतेक कार्यक्रम नेमके तिथेच कोलमडतात. त्यामुळे पुढे देखरेखीविषयी इतर विषयांपेक्षा अधिक विस्ताराने लिहिले आहे.

तपासणीच्या आधीची तयारी

उत्साहाने शाळेत प्रश्नावल्या वाटायच्या, शेकडो मुलांचे गुण काढायचे आणि मग ज्यांना मदत हवी त्यांना पाठवायचे कुठे हे कोणालाच माहीत नसायचे, असे वारंवार घडते. आपल्याला काय होते आहे हे मुलाने कागदावर लिहून दिले आणि त्यावर कोणीच काही केले नाही, तर ते मूल पुन्हा कोणाला काही सांगेल याची शक्यता कमी होते. म्हणून पहिले काम एका पानाची यादी तयार करण्याचे असावे. जवळात जवळचा मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी बसतो, बालरोगतज्ज्ञ कुठे आहे, फिट येणाऱ्या मुलाची औषधे कोणत्या केंद्रात नियमित मिळतात, बालसंरक्षण यंत्रणेत प्रत्यक्ष फोन कोण उचलतो, प्रवासाचा खर्च कोण करणार आणि मुलासोबत कोण जाणार, हे सगळे त्या पानावर असावे. यादीतील प्रत्येक ठिकाणी एकदा प्रत्यक्ष जाऊन यावे. फोनवर ‘पाठवून द्या’ म्हणणारी माणसे आणि मूल दारात आल्यावर त्याला खरोखर वेळ देणारी माणसे नेहमी एकच नसतात.

यादी तयार झाल्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘एमएचगॅप’ या कार्यक्रमाची उपचार मार्गदर्शिका मिळवावी. ती विनामूल्य उपलब्ध आहे. २०१० मध्ये निघालेली ही मार्गदर्शिका २०१६ मध्ये सुधारली गेली. ती तज्ज्ञ नसलेल्या डॉक्टरांसाठी आणि परिचारिकांसाठी लिहिलेली आहे आणि तिच्यात मुलांच्या व किशोरवयीनांच्या विकारांवर स्वतंत्र प्रकरण आहे. आपल्याकडच्या औषधांच्या उपलब्धतेनुसार आणि कायद्यानुसार तिच्यात आवश्यक त्या नोंदी करून घ्याव्यात.

प्रश्नावली वापरायचीच असेल तर रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेली मुलांच्या भावना व वर्तनाविषयीची पंचवीस प्रश्नांची ‘एसडीक्यू’ ही प्रश्नावली सोयीची आहे, कारण तिची अनेक भाषांत भाषांतरे झालेली आहेत आणि ती भरायला फारसा वेळ लागत नाही. तिच्या गुणांच्या मर्यादा मूळच्या ब्रिटनमधील मुलांवरून ठरवलेल्या आहेत. त्यामुळे त्या आकड्यावरून निदान करू नये, कोणाशी आधी बोलायचे एवढेच ठरवावे.

हे काम कोणाकडे द्यावे

शिक्षक रोज मुलांसमोर असतात, तेव्हा हे काम त्यांच्याकडेच सोपवावे, असा विचार सर्वप्रथम सुचतो. बिहारमधील माध्यमिक शाळांत झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सेहर’ या अभ्यासाने त्याबाबत सावध केले आहे. शाळेचे वातावरण सुधारण्याचा एकच कार्यक्रम काही शाळांत यासाठीच नेमलेल्या, तज्ज्ञ नसलेल्या समुपदेशकांनी राबवला, तर काही शाळांत तो शिक्षकांनी राबवला. समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण सुधारले, नैराश्याची लक्षणे, दादागिरी आणि हिंसा कमी झाली. शिक्षकांनी राबवलेल्या कार्यक्रमाचा मात्र परिणाम दिसला नाही. यात शिक्षकांना दोष देणे अन्यायाचे होईल. ज्यांच्या अंगावर आधीच अध्यापन, परीक्षा आणि कागदपत्रे आहेत, त्यांच्यावर आणखी एक काम टाकले की ते शेवटी उरलेल्या वेळात होते. शिवाय जो माणूस गुण देतो आणि शिक्षाही करतो, त्याच्यासमोर मूल मोकळे होईलच असे नाही. शिक्षकांकडून दोनच गोष्टींची अपेक्षा ठेवावी: बदललेले मूल वेळेवर लक्षात आणून देणे, आणि वर्गात मारहाण व जाहीर अपमान होऊ न देणे. दुसऱ्या अपेक्षेचे महत्त्व पहिलीपेक्षा तसूभरही कमी नाही.

निवड करताना पदवीपेक्षा स्वभावाकडे पाहावे. केनियातील ‘शमिरी’ कार्यक्रमात नुकतेच शालेय शिक्षण संपवलेले तरुण किशोरवयीनांच्या गटासोबत आठवड्याला एक अशी चार सत्रे घेत असत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या सत्रांमुळे नैराश्य आणि चिंता यांची लक्षणे तुलनेच्या गटापेक्षा अधिक कमी झाली. उमेदवाराची मुलाखत घेण्याऐवजी त्याला दहा मिनिटे एका गप्प बसलेल्या मुलासमोर बसवावे. मुलाची भूमिका संस्थेतील कोणीही करू शकते. जो उमेदवार शांतता सहन करू शकतो, लगेच उपदेशाकडे वळत नाही आणि ‘तुझ्यापेक्षा वाईट परिस्थितीत लोक जगतात’ असे म्हणत नाही, तो घ्यावा. बाकीचे शिकवता येते.

पहिली भेट

आईवडिलांसमोर किशोरवयीन मूल बोलत नाही, आणि त्यांना बाहेर बसवले तर ते अस्वस्थ होऊन भेटच बंद करतात. म्हणून भेटीचे तीन भाग करावेत: आधी सगळे एकत्र, मग मूल एकटे आणि शेवटी पुन्हा एकत्र. गुप्ततेचा नियम पहिल्या भागात, सर्वांसमोर, साध्या शब्दांत सांगावा: “तू मला जे सांगशील ते तुझ्या परवानगीशिवाय मी घरी किंवा शाळेत सांगणार नाही. तीन गोष्टी मात्र मला एकटीजवळ ठेवता येणार नाहीत. तुझ्या जिवाला धोका असेल, तुझ्यामुळे दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, किंवा कोणी तुला इजा करत असेल, तर मला मदत घ्यावी लागेल. तेव्हाही कोणाला आणि कसे सांगायचे, हे मी आधी तुझ्याशी बोलेन.” हा नियम पालकांच्या कानावर पडणे गरजेचे आहे, कारण नंतर ‘तिने काय सांगितले?’ असे विचारले गेले की याच वाक्यांकडे बोट दाखवता येते. अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती कळवणे अनेक देशांत कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे काय नियम आहे हे पहिले मूल येण्यापूर्वीच माहीत असावे. संशयित व्यक्ती घरातीलच असेल तर घरी विचारणा करण्याआधी देखरेख करणाऱ्या व्यक्तीशी आणि बालसंरक्षण यंत्रणेशी बोलावे.

‘मला नैराश्य आले आहे’ असे सांगणारी मुले थोडी असतात. पोटात दुखते, डोके दुखते, झोप लागत नाही, शाळेत जावेसे वाटत नाही, अशा तक्रारी घेऊन मुले येतात. किशोरवयात उदासीपेक्षा चिडचिडच जास्त दिसते. म्हणून आधी शरीराची तपासणी व्हावी: दृष्टी, श्रवण, रक्तक्षय, कुपोषण, फिट येण्याचा इतिहास. फळ्यावरचे न दिसणाऱ्या मुलाला ‘लक्ष देत नाही’ असा शिक्का मारून समुपदेशनाला पाठवले जाते, तेव्हा त्याला गरज चष्म्याची असते. त्यानंतर घर, शाळा, मित्र, झोप, काम, व्यसन आणि मनात येणारे विचार, या क्रमाने विचारत जावे. सोप्याकडून अवघडाकडे गेल्यास मूल सोबत येते.

समस्या सोडवण्याची पद्धत

एकच मानसशास्त्रीय पद्धत शिकवण्याइतका वेळ असेल तर ती समस्या सोडवण्याची असावी. मुलाने आपल्या अडचणींची यादी करायची, त्यांतील महत्त्वाची आणि आपल्या हातात काही असलेली एक निवडायची, सुचतील ते सगळे उपाय बरेवाईट न ठरवता लिहायचे, एक उपाय निवडून त्याचा नेमका बेत आखायचा आणि पुढच्या भेटीत काय झाले ते पाहायचे. चार-पाच भेटींत हे बसते.

खरे कौशल्य बेत आखण्यात आहे. समजा, एक पंधरा वर्षांचा मुलगा संध्याकाळी कामाला जातो, सकाळी वर्गात पेंगतो आणि सर सर्वांसमोर बोलतात म्हणून त्याने शाळा टाळायला सुरुवात केली आहे. ‘सरांशी बोलायचे’ असा उपाय त्याने निवडला. नवखी कार्यकर्ती इथे ‘छान’ म्हणून भेट संपवते, आणि मुलगा बोलत नाही. अनुभवी कार्यकर्ती विचारते: कोणत्या दिवशी? वर्गात की बाहेर? पहिले वाक्य काय असेल? सर घाईत असतील तर? अखेर बेत असा ठरतो की गुरुवारी मधल्या सुट्टीत, शिक्षकांच्या खोलीबाहेर, ‘सर, मी रात्री दहापर्यंत काम करतो, म्हणून सकाळी झोप येते’ एवढे एकच वाक्य बोलायचे, आणि ते आत्ता इथेच ताईसमोर तीनदा म्हणून पाहायचे. हा बेत मुलाच्या वहीत त्याच्याच अक्षरात लिहिलेला असावा.

या पद्धतीची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. उपासमार, घरातील मारहाण, जबरदस्तीने ठरवलेले लग्न, डोक्यावरचे कर्ज या समस्या मुलाच्या कौशल्याने सुटणाऱ्या नाहीत, आणि त्या सोडवण्याचा भार त्याच्यावर टाकणे क्रूरपणाचे आहे. तिथे मोठ्यांनी कृती करायची असते: अन्न मिळवून देणे, संरक्षण यंत्रणेला कळवणे, शाळेची फी माफ करून घेणे. मुलासोबतचे बोलणे त्या कृतीच्या जोडीने चालू राहावे, तिच्या जागी येऊ नये.

नैराश्याची लक्षणे ठळक असतील तर गटातील आंतरव्यक्तिक उपचाराचा विचार करावा. त्यात नाते तुटणे, भांडण, मृत्यूचे दुःख यांवर गट मिळून बोलतो. उत्तर युगांडातील विस्थापितांच्या छावण्यांत १४ ते १७ वर्षांच्या मुलांवर झालेल्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या उपचाराने मुलींचे नैराश्य कमी झाले. मुलग्यांमध्ये तितका स्पष्ट फरक दिसला नाही, आणि खेळ व कलेच्या सत्रांचा नैराश्यावर परिणाम आढळला नाही. खेळ मुलांना हवेतच, पण चित्रकलेचे शिबिर घेतले म्हणजे उपचार झाला असे अहवालात लिहू नये. दहा ते पंधरा वर्षांच्या, मोठ्या संकटातून गेलेल्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये ‘ईझ’ ही पद्धत खुली केली आहे. तिच्यात मुलांची सात आणि पालकांची तीन गटसत्रे असतात.

आत्महत्येचा विचार

विचारल्याने मुलाच्या डोक्यात हा विचार शिरेल, ही भीती निराधार आहे. थेट विचारावे: “मरून जावे असे मनात येते का? कसे करायचे याचा विचार केला आहेस का? आधी कधी प्रयत्न झाला होता का?” उत्तरे ‘हो’ असतील आणि बेत किंवा साधन जवळ असेल, तर मुलाला एकटे सोडू नये, त्याच दिवशी जबाबदार प्रौढ व्यक्तीला बोलवावे आणि यादीतील ठिकाणी सोबत घेऊन जावे. घरातील कीटकनाशके आणि औषधे मुलाच्या आवाक्याबाहेर, शक्यतो घराबाहेर ठेवायला सांगावे आणि ते झाले का हे स्वतः जाऊन पाहावे. हा उपाय साधा वाटतो, पण त्याने जीव वाचतात: श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणल्यावर तेथील आत्महत्यांचे प्रमाण १९९० च्या दशकाच्या मध्यापासून मोठ्या प्रमाणावर घटत गेले. ‘पुन्हा असे करणार नाही’ असे वचन लिहून घेण्याने मूल सुरक्षित होत नाही. संकटाच्या वेळी काय करायचे, कोणाकडे जायचे, कोणाला फोन करायचा, हे मुलासोबत लिहून काढावे, आणि पुढचे काही आठवडे ठरलेल्या दिवशी आपण होऊन संपर्क करावा. हा संपर्क कोण करणार त्या व्यक्तीचे नाव नोंदवहीत असावे.

लहान मुले आणि पालक

दहा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत बहुतेक काम पालकांसोबतच होते. बोलणे उशिरा येणे, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता अशा अडचणी असलेल्या मुलांचे पालक आधी बरीच वर्षे दोष ऐकत आलेले असतात, तेव्हा पहिल्या भेटीत ‘यात तुमची चूक नाही’ हे वाक्य उच्चारले जावे. गोवा आणि रावळपिंडी येथे झालेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तज्ज्ञ नसलेल्या कार्यकर्त्यांनी स्वमग्न मुलांच्या पालकांना मुलाच्या लक्षाचा मागोवा घेत त्याच्याशी खेळायला शिकवले, आणि पालक-मुलांमधील संवाद सुधारला. जागतिक आरोग्य संघटनेचा पालक-कौशल्य कार्यक्रम दोन ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी आहे, आणि त्यात नऊ गटसत्रे व तीन गृहभेटी आहेत. आईच उदास असेल तर आधी तिच्यासाठी मदत शोधावी. मुलाच्या तब्येतीत त्याचा फरक पडतो.

फिट येणाऱ्या मुलाला शाळेतून काढणे किंवा त्याला भूतबाधा समजणे अजून संपलेले नाही. फिटची औषधे स्वस्त आहेत आणि अनेक मुलांच्या फिट त्यांनी थांबतात; मात्र ती अचानक बंद करू नयेत, हे घरातील प्रत्येकाला माहीत असावे.

इतर औषधांबद्दल थोडक्यात: बारा वर्षांखालील मुलांना नैराश्यासाठी औषधे देऊ नयेत, त्यापुढच्या वयातही ती तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच द्यावीत, आणि वर्तनाच्या तक्रारींसाठी गुंगीची औषधे देऊन मुलाला शांत करू नये.

देखरेख

प्रशिक्षण संपल्यावर काही महिन्यांतच कार्यकर्ती पुन्हा उपदेश करू लागते, पायऱ्या गाळते, अवघड प्रश्न टाळते. हा तिचा दोष नसून एकट्याने काम करण्याचा परिणाम आहे. त्यावर उपाय म्हणजे आठवड्यातील एक ठरलेला तास, जो बैठका, सण किंवा पाहुणे यांच्यासाठी रद्द होत नाही. तज्ज्ञ महिन्यातून एकदाच फोनवर मिळत असतील तरी चालेल; उरलेल्या आठवड्यांत कार्यकर्त्यांनी आपसांत बसावे. गोव्यातील एका अभ्यासात समुपदेशकांनी एकमेकांच्या सत्रांची ध्वनिमुद्रणे ऐकून गुण दिले आणि ते तज्ज्ञांच्या गुणांशी बऱ्यापैकी जुळले, त्यामुळे ही कल्पना आजमावलेली आहे.

तासाचा क्रम पक्का असावा. सर्वप्रथम धोक्यात असलेल्या प्रत्येक मुलाची विचारपूस, मग न आलेल्या मुलांची नावे आणि त्यांच्याकडे कोण जाणार, आणि मग एकाच मुलाची सविस्तर चर्चा. या चर्चेत कार्यकर्तीने हकिगत सांगत बसू नये. अडलेला प्रसंग सहकाऱ्यासोबत पाच मिनिटे करून दाखवावा. ‘मी तिला समजावले’ या वाक्याखाली नेमके काय बोलले गेले, ते तेव्हाच कळते. मुलासोबत काम करताना कोणती कौशल्ये पाहायची आणि कोणत्या गोष्टी हानिकारक मानायच्या, याची पाहणी-सूची जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या ‘इक्विप’ या व्यासपीठावर मिळते. तिचा वापर करावा. अखेरची दहा मिनिटे कार्यकर्तीसाठी राखावीत. अत्याचाराची हकिगत ऐकून आलेली कार्यकर्ती रात्री घरी जाऊन स्वयंपाक करते आणि झोपत नाही, हे कोणी विचारले नाही तर ती काही महिन्यांत काम सोडते. सुरुवातीचे सहा महिने तिच्याकडे एका वेळी सहा-सात मुलांपेक्षा जास्त मुले देऊ नयेत, मग निधी देणारे कितीही आकडे मागोत.

नोंदी आणि निरोप

प्रत्येक भेटीत मुलाला विचारावे की त्याने स्वतः सांगितलेली मुख्य अडचण शून्य ते दहामध्ये आज किती त्रास देते. नवी दिल्लीतील सरकारी शाळांत समस्या सोडवण्याच्या पद्धतीची चाचणी झाली, तेव्हा सहा आठवड्यांनी मुलांनी स्वतः नोंदवलेल्या अडचणींची तीव्रता कमी झालेली दिसली, पण ‘एसडीक्यू’च्या एकूण गुणांत तसा फरक दिसला नाही. म्हणून दोन्ही मोजावे, आणि चार भेटींनंतर दोन्हींत बदल नसेल तर त्याच पद्धतीने पुढे न जाता ते मूल तज्ज्ञांकडे पाठवावे. नोंदवहीत मुलाचे नाव न लिहिता क्रमांक लिहावा आणि नावांची यादी वेगळ्या कुलपात ठेवावी. लहान वस्तीत अक्षरावरूनही माणूस ओळखला जातो.

निधी संपणार किंवा कार्यकर्ती जाणार हे कळले की निदान तीन महिने आधी निरोपाची तयारी सुरू करावी. चालू असलेल्या प्रत्येक मुलापुढे लिहावे की त्याची भेट पूर्ण करायची, दुसऱ्या कार्यकर्तीकडे द्यायची की तज्ज्ञांकडे पाठवायची. दुसऱ्याकडे देताना किमान एक भेट तिघांची एकत्र व्हावी. फिटची किंवा इतर औषधे चालू असलेल्या मुलाचा पुढचा पुरवठा कोणत्या केंद्रातून होणार, याची त्या केंद्राकडून लेखी खात्री मिळेपर्यंत त्याची नोंद बंद करू नये.